‘आजार नाही’

खरं तर यावर मी लिहू नये. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वैद्यकातलं मला कळत नाही, आणि एवढ्या मोठ्या संशोधकाबद्दल माझ्यासारख्यानं बोलणं उद्धटपणाचं दिसेल. त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण राग आहे, आणि तो लपवता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या जरा आधीची गोष्ट. मुंबईचे एक डॉक्टर तोंडाच्या कॅन्सरवर संशोधन करत होते. तंबाखू-चुना खाणाऱ्या खेड्यांत हा रोग किती आहे ते बघायला ते शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत फिरले. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी होतो. आमच्या गावात मारुतीच्या देवळापुढं बायकांना बसवलं होतं. डॉक्टरांचा मदतनीस एकेकीला विचारी, “तोंडाचा काही आजार?” जी ‘हो’ म्हणेल तिचंच तोंड डॉक्टर बघणार, अशी पद्धत होती.

माझी आत्या म्हणाली, “आजार नाय. तोंड आलंय जरा.”

“हिचं तोंड आलं नाय साहेब, सुटलंय,” शेजारीण म्हणाली. “सुनेला विचारा.”

“तुझं काय गो मिटलेलं असतं?”

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मदतनीसही हसला, ‘नाही’ लिहून पुढं सरकला.

आमच्याकडे आजार म्हणजे अंथरूण धरणं. चिखलात वाकून लावणी करता येते तोवर कुणी आजारी नसतं. तोंड येतं ते उष्णतेनं, आणि ताक पिऊन जातं. आत्याचं मात्र होळीपासून गेलं नव्हतं. उजव्या गालात, तंबाखूची गोळी धरायची तिथंच. मी मदतनीसाला म्हटलं, “एकदा गालात बघायला सांगा ना.”

“बाई स्वतः नाही म्हणतेय. तुम्ही डॉक्टर आहात का?”

त्याच वर्षी हिवाळ्यात डॉक्टरांचा लेख छापून आला, तोही विलायतेच्या मासिकात. या भागातल्या बायका तंबाखू खातात तरी त्यांना हा रोग होत नाही. सबब दोष तंबाखूचा नसावा. आमच्या प्राध्यापकांनी तो वर्गात अभिमानानं सांगितला. मी उभा राहून चाचरत म्हणालो, “सर, तिकडं त्याला आजार म्हणत नाहीत.”

“मग काय म्हणतात?”

“तोंड आलं म्हणतात.”

वर्ग हसला. सर म्हणाले, “बसा.”

त्या हसण्याची मला अजून चीड येते. देवळापुढं अर्धवट ऐकलेला एक शब्द समुद्रापार जाऊन आला आणि ज्ञान झाला. ज्यांची तोंडं कुणी उघडून पाहिली नाहीत, त्यांना विचारायची आता गरजच उरली नव्हती.

तोवर आत्याला पेजही गिळवेना. मुरबाडच्या दवाखान्यात नेलं तर तिथल्या डॉक्टरांनी जांभळं औषध लावलं. मी मुंबईला पाठवायची चिठ्ठी मागितली.

“इकडच्यांना तो रोग होत नाही,” ते म्हणाले. “संशोधन झालंय. तुम्ही शिकता ना? वाचत जा.”

बाहेर आल्यावर आत्या पुटपुटली, “रागवू नको रे. त्यांनी पुस्तकात बगितलं आसंल.” तिचा त्यांच्यावर विश्वास होता, याचा मला त्यांच्या बोलण्याहून जास्त संताप आला.

शेवटी चिठ्ठीशिवायच मी तिला मोटारीनं कल्याणला आणि तिथून मुंबईच्या इस्पितळात नेलं. गालाचा तुकडा तपासला. कॅन्सर, हाडापर्यंत गेलेला. “वर्षापूर्वी आणायला हवं होतं,” तिथले डॉक्टर म्हणाले. वर्षापूर्वी मुंबईचे डॉक्टरच तिच्यापुढं येऊन बसले होते. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगून काय उपयोग होता?

लावणीच्या दिवसांत आत्या गेली.

मग मी त्या संशोधकांना जाऊन भेटलो. ते शांतपणे ऐकत राहिले. गाव विचारलं, इस्पितळ विचारलं, आभार मानले. चूक दुरुस्त होईल असं वाटून मी परतलो. तसं काही झालं नाही. त्यांच्या लेखाचा आधार इतर घेत राहिले, आणि त्या इतरांचा आणखी कुणी.

बातमी कळली ती युद्ध संपत आल्यावर, वैद्यकीला गेलेल्या एका वर्गमित्राकडून. संशोधकांचा नवा लेख निघालाय आणि त्याचं फार कौतुक होतंय, तो म्हणाला. शहापूर-मुरबाडकडे पूर्वी नसलेला हा रोग आता तिथं शिरू लागला आहे, असा त्यांचा शोध आहे. त्यात पहिली रुग्ण म्हणून उजव्या गालात कॅन्सर झालेली मुरबाडकडची एक म्हातारी आहे. आणि पूर्वी रोग नव्हता याला पुरावा म्हणून त्यांनी आपलाच पहिला लेख दिला आहे.