माझ्या अधिकारात नाही

पेनाला टोपण लावायचं, पेन टेबलावर आडवं ठेवायचं आणि समोरच्याकडे सरळ बघून म्हणायचं, "हे माझ्या अधिकारात नाही." आमच्या घाटंजीच्या तहसीलदार मॅडमचं हे वाक्य तालुक्यात पोरासोरांच्याही तोंडी बसलं होतं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष? सरकारी कचेरीत हे वाक्य भिंतींनाही पाठ असतं. खरं आहे. पण बाकीचे साहेब ते माणसाला वाटेला लावायला वापरतात. मॅडमचं खरं काम त्या वाक्यानंतर सुरू व्हायचं. मग अधिकार कोणाचा, तो कुठं बसतो, त्याला काय लिहून द्यायचं, हे सगळं त्या सांगत. एकदा एक म्हातारा जावयाला दम द्या म्हणून आला. त्याला नाही म्हणाल्या, चहा पाजला आणि स्वतः फोन करून महिला संरक्षण अधिकारी बाईंची वेळ घेऊन दिली. म्हातारा बाहेर येऊन मला म्हणाला, की नाही म्हटलं तरी काम झाल्यासारखं वाटून राह्यलं.

मी तिथला वकील. नोकरीत येण्याआधीच मॅडम कायद्याची पदवी घेऊन बसलेल्या, त्यामुळे आमची मोठी पंचाईत. आम्ही आवाज चढवून वेळ मारून न्यायला बघायचो आणि त्या शांतपणे पुढचं पोटकलम वाचायच्या. मी त्यांच्यापुढे इतका हरलो, की पक्षकार मला टाळू लागले. तरी सांगतो, त्या बाईपुढे हरण्यात मजा होती.

आणि एक दिवस मॅडमनं राजीनामा दिला. लोकसभेला उभ्या राहणार! मी धावत गेलो. म्हणालो, हरलात तर ना नोकरी ना खासदारकी, तेल गेलं तूप गेलं अशी गत होईल. त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, कायदा मला वाकवता येत नाही. बदलता मात्र येतो, पण ती जागा तिकडं आहे."

त्यांना माझ्या बोलण्याची फिकीर नव्हती. फिकीर होती याडीची, म्हणजे आईची. मारेगावकडच्या एका बंजारा तांड्यात राहून, कापूस वेचून त्या माउलीनं लेकीला शिकवलं होतं. हातची सरकारी नोकरी लेकीनं सोडली म्हटल्यावर याडीनं बोलणंच टाकलं. मॅडम तांड्यावर गेल्या की ती भाकर वाढायची आणि तोंड फिरवून बसायची. मॅडम हे हसत सांगायच्या, पण सांगताना डोळ्यांत पाणी असायचं.

प्रचार सुरू झाला, मीही त्यात उतरलो आणि आम्हा कार्यकर्त्यांना घाम फुटला. अहो, उमेदवारानं हो म्हणायचं असतं! गावात नाली मागितली, की मॅडम म्हणत, ते ग्रामपंचायतीकडे, खासदाराच्या अधिकारात नाही. कोणी पोराची बदली मागितली, तेच. समोरचा उमेदवार गावोगाव आकाशातले तारे वाटत होता आणि आमच्या मॅडम पत्ते सांगत होत्या. मी हात जोडले, निदान मान तरी हलवा. त्या म्हणाल्या, "निवडून आल्यावर हाच माणूस दारात येईल. तेव्हा काय हलवू?"

शेवटची सभा त्यांच्याच तांड्यावर होती. भाषण संपलं आणि गर्दीतून याडी उठली. लेकीशी बोलणं टाकल्यापासूनचा तिचा हा पहिला शब्द. "आपल्या तांड्याले सरकारी कागदावर गाव कव्हा करशील?"

पिढ्यान् पिढ्यांची मागणी. सगळा तांडा कान टवकारून बसला. मी मागून पुटपुटलो, हो म्हणा, आज तरी हो म्हणा. मॅडम याडीकडे सरळ बघून म्हणाल्या, "याडी, ते मुंबईच्या सरकारचं काम. मी मागं लागीन. पण करून देते असं कबूल नाही करत. माझ्या अधिकारात नाही."

मी कपाळाला हात लावला. याडी मात्र लोकांकडे वळली. "माह्या वावराच्या केससाठी मारेगावच्या साहेबाले एक फोन लाव म्हटलं होतं मी हिले. तव्हाबी हेच बोलली. मी चकरा मारू मारू थकली." लोक हसायला लागले. याडीही हसली, आणि मग ठासून म्हणाली, "पोटच्या मायले नाही म्हणते, ते दिल्लीतल्या मोठ्यायले कायले भेईन?"

टाळ्यांनी मांडव उडायचा बाकी राहिला. ते वाक्य तांडा ओलांडून पुढे गेलं, बसमध्ये गेलं, बाजारात गेलं. आमच्या साऱ्या भाषणांना जे जमलं नाही, ते त्यानं केलं. मॅडम निवडून आल्या.

शपथेच्या दिवशी मॅडम दिल्लीत आणि मी पेढे घेऊन तांड्यावर. टीव्हीपुढे अख्खा तांडा. नाव पुकारलं आणि कायम सुती साडीत दिसणाऱ्या आमच्या मॅडम बंजारा बायकांच्या घेरदार फेटियात, म्हणजे घागऱ्यात, चालत आल्या. लाल कापड, त्यावर बारीक टाके, आणि जागोजागी लावलेली भिंगं दिव्यांत लखलखत होती. बायांनी एकच गलका केला.

याडी डोळे बारीक करून पाहत होती. "लांब झाला," ती पुटपुटली. "पायात येऊन राह्यला."

मी म्हटलं, याडी, हा तुम्ही शिवला? माप नव्हतं का घेतलं?

"माप कसं मागू?" टीव्हीवरची नजर न काढता ती म्हणाली. "शिवाले घेतला तव्हा बोलत कुठं होतो आमी?"