टोपीच्या आतलं अस्तर

गल्लीत तिला अस्तरकाकू म्हणतात, आणि अगदी तोंडावर म्हणतात. या बाईकडे कापड दिलं की ते अस्तर लावूनच परत येतं. झग्याला अस्तर, पडद्याला अस्तर, एकदा तर उशीच्या अभ्र्यालाही अस्तर लावून झालं होतं. समोरची इस्त्रीवाली येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावते, "तिच्याकडे रुमाल शिवायला देऊ नका हो, रजई होऊन येईल." अस्तरकाकू हे ऐकते आणि मशीनचं पायडल मारत राहते. उलट बोलायलाही अंगात जोर लागतो, आणि तिचा सकाळीच संपलेला असतो.

उन्हाळा आला की सगळ्या गल्लीला सुस्ती येते आणि हिच्या मशीनला जोर चढतो. बाहेरच्या खोलीत दुकान, वर पत्रा, दुपारी खोलीची भट्टी. आणि नेमक्या त्याच वेळी बायका उन्हाचे कोट शिवून घ्यायला येतात. प्रत्येकीची फर्माईश ठरलेली. अंग सगळं झाकलं पाहिजे, पण झाकल्यासारखं दिसता कामा नये. वारा आत यावा, ऊन बाहेर राहावं. "कमरेला दरवान उभा करू का?" असं काकूच्या अगदी ओठांवर येतं. पण ओठांत टाचण्या धरलेल्या असतात, त्यामुळे ते तिथंच राहतं.

यंदा त्या रांगेत तिची स्वतःची लेक येऊन बसली.

लेक पोहायला शिकवते. उघड्या तलावावर, सकाळपासून ऊन तापेपर्यंत, काठावर उभी राहून पोरांना ओरडायचं आणि वेळ पडली तर कपड्यांसकट उडी मारायची, हे तिचं काम. लहानपणी हिला पाण्यातून बाहेर काढायला वेणी धरून ओढावं लागायचं, इतकी ती पाण्यातली. पण मागच्या उन्हाळ्यापासून तिच्या अंगावर उन्हाचे लाल चट्टे उठायला लागले होते. कातडीच्या डॉक्टरांनी शेवटी स्पष्टच सांगितलं, "या उन्हाळ्यात पुन्हा भाजलं तर तलावाचं काम सोडायचं. नंतर रडत येऊ नका." तलावाच्या साहेबांनीही जागा दाखवून ठेवली होती, तिकिटाच्या खिडकीत, काचेमागे. म्हणजे दुसरं कुणीतरी पोरांना शिकवणार आणि ही आतून आवाज ऐकत सुट्टे पैसे देणार.

"मी खिडकीत बसणार नाही," लेक म्हणाली. "तू मला शिवून दे. पण आई, गोणपाट नको हं. मागच्या वेळचा तो झगा घालून गेले तर पोरं म्हणाली, तंबू आला."

"मग काय पाहिजे?"

"छान पाहिजे. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की आवडलं म्हणून घातलंय, आजार झालाय म्हणून नाही."

काकूने टाचण्या तोंडातून काढल्या. हे तिला कळलं, अगदी आतपर्यंत कळलं.

"आणि अस्तर नको," लेकीने जाता जाता सांगितलं.

"बरं," काकू म्हणाली. ती नेहमी बरंच म्हणते.

गिऱ्हाइकांचं काम उरकून, पाय सुजलेले असताना, तिने लेकीचं कापड अंथरलं. गर्द हिरवं, घट्ट विणीचं. लांब अंगरखा, उभी कॉलर, पाठीला आत वारा शिरेल अशा चुण्या, बाहीच्या टोकाला अंगठा घालायचं भोक, म्हणजे हात वर केला तरी मनगट उघडं पडायला नको. जोडीला रुंद काठाची टोपी. काठ ताठ राहावा म्हणून आत बकरमचं कडक कापड घातलं, गोल टिपा मारल्या. टोपी उलटी करून पाहिली तर आतून ते पांढरट बकरम उघडं पडलेलं. दुसऱ्या कुणाला ते दिसलंही नसतं. पण हिला उघडी शिवण पाहवत नाही, तसा तिचा पिंडच नाही. कपाटात एका नवरीच्या झग्यातलं मोतिया साटिन उरलं होतं, तिच्याकडचं सगळ्यात भारी कापड. तिने ते काठाच्या आतून लावलं. चकचकीत, सुळसुळीत, एक सुरकुती नाही.

लेकीने टोपी घातली, आरशात बघितलं आणि चक्क लाजली. "अस्तर लावलंसच."

"काढू?"

"राहू दे. चेहऱ्यावर उजेड येतो."

हे वाक्य दोघींनीही तेव्हा कौतुकाने ऐकलं.

पहिल्या दिवशी गल्ली बघायला बाहेर आली. इस्त्रीवाली हातातली इस्त्री उभी करून म्हणाली, "कुठल्या जहाजाची कप्तान गं ही?" लेक ताठ मानेने गेली. काकू मशीनपाशी बसल्या बसल्या हसली आणि हसता हसताच तिला डुलकी लागली.

चारेक दिवसांत लेकीची हनुवटी लाल झाली. मग नाकाचा शेंडा, मग नाकपुड्यांखालची जागा. कपाळ स्वच्छ, मान स्वच्छ, हात स्वच्छ. भाजलं होतं ते फक्त खालच्या बाजूने, पोळी तव्यावर एकाच अंगाने करपावी तसं.

"टोपी काढत होतीस का?" काकूने विचारलं.

"नाही गं. डोक्याला चिकटल्यासारखी घालते."

"मग खालून कुठून ऊन येतंय?"

दुसऱ्या दिवशी तिने टोपी घातली, पण आरशात बघितलं नाही. काकूला तेच जास्त लागलं. डॉक्टरांकडे दाखवायला जायचा दिवस पुढच्याच आठवड्यातला होता.

काकू आजवर तलावावर कधी गेली नव्हती. शिवणाऱ्या बाईला दुकान सोडून कुठं जाता येतं? पण त्या सकाळी तिने मशीनवर चादर टाकली, खांद्याला पिशवी लावली आणि निघाली. इस्त्रीवाली ओरडली, "अगं बाई, दुकान बंद? कुणी गेलं की काय?" काकूने नुसता हात हलवला. चढावर दोनदा थांबली. डोक्यावर साधा रुमालही घ्यायचं सुचलं नव्हतं. जगाला उन्हातून वाचवणारी ही बाई उघड्या डोक्याने उन्हात चालत होती.

तलावाच्या काठच्या बाकावर ती बसली. लेक पाठमोरी उभी होती, शिट्टी तोंडात, पोरं पाण्यात बेडकांसारखी. मग लेक पाण्याकडे वाकली आणि वळली, आणि काकूला ते दिसलं.

भाजणारं ऊन वरून येतच नव्हतं. वरून आलेलं ऊन टोपी अडवत होती. पण तेच ऊन पाण्यावर आपटून खालून वर उडत होतं, टोपीच्या काठात शिरत होतं, आणि तिथं ते मोतिया साटिन आरशासारखं लखलखत होतं. पाण्याचा उजेड लेकीच्या हनुवटीवर नाचत होता, आणि साटिनचा उजेड तिच्या नाकावर. काकूने आपल्या हाताने, आपल्याकडचं सगळ्यात भारी कापड लावून, लेकीच्या तोंडापुढे दिवा टांगला होता.

ती बाकाच्या कडेला रेलली. इतकी थकली होती की रडायचंही राहून गेलं.

"मॅडम, त्या बाकावरच्या आजींना चक्कर येतेय का?" पाण्यातलं एक पोरगं ओरडलं.

लेक धावत आली. "तू? इथे? काय झालं?"

"टोपी दे."

"आत्ता? वर्ग चालू आहे माझा."

"सावलीत उभी राहा आणि तिथून ओरड. टोपी दे आधी."

काकूच्या पिशवीत कात्री, टाके काढायची उसवणी, सुई, दोरा नेहमीच असतात. तिने बाकावर बसून साटिन उसवायला घेतलं, टाक्यामागून टाका. दोरे उन्हात चमकत होते. साटिन निघालं. आता त्या जागी काय? गडद पाहिजे, चमक नसलेलं, उजेड गिळून टाकणारं. घरी जाऊन परत यायचं तर त्या चढाकडे बघूनच तिचे गुडघे नाही म्हणाले.

मग तिने मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं. भाजीची पिशवी. ती या बाईची, म्हणजे अर्थातच तिला आतून अस्तर होतं. काळपट निळं, जाडं सुती, धुऊन धुऊन मऊ पडलेलं.

तिने पिशवी उलटी केली, टोमॅटोचा वास आला, आणि कात्री चालवली. काठाला धावदोरा घातला, वेडावाकडा, गल्लीत दाखवायच्या लायकीचा नव्हे. उरलेल्या तुकड्याची पट्टी कॉलरला टाचली, वर ओढली की हनुवटी आणि नाक झाकावं, शिट्टी वाजवायची तर खाली सारता यावी. हिरव्यावर ते निळं शोभलंही. तिने ते मुद्दाम जुळवलं नव्हतं, पण श्रेय घ्यायला काही हरकत नव्हती.

लेकीने टोपी घातली, पट्टी वर ओढली. पाण्यात कुजबुज झाली. "डाकू!" एक पोरगं आनंदाने किंचाळलं.

"डाकू तर डाकू," लेक पट्टीआडून म्हणाली. "चला, पाय मारा!" मग हळूच आईला, "भाजीचा वास येतोय गं."

"एका धुण्यात जाईल."

त्या दिवशी काकूची मान आणि कान भाजले. संध्याकाळी लेकीने ओला रुमाल मानेवर ठेवला आणि रागावली, भरपूर रागावली. काकू "बरं" म्हणाली.

पुढचे काही दिवस लेक दारातून आत आली की काकू आधी तिच्या हनुवटीकडे बघायची. आधी साल निघाली, मग खालची कातडी गुलाबी दिसली, मग नेहमीच्या रंगाची झाली. डॉक्टरांनी चष्मा वर करून, खाली करून पाहिलं. "सध्या राहू दे तलाव," ते म्हणाले. "पण लक्ष ठेवा."

लक्ष ठेवायचं म्हणजे काय, ते काकूला सांगायला नको होतं. घरी येऊन ती खुर्चीत बसली आणि पुन्हा लेकीकडे बघायला लागली.

"बघून झालं का तुझं?"

"झालं."

"मग झोप जरा."

बाहेरून इस्त्रीवालीचा आवाज आला, तलावावरच्या पोरांच्या आया आल्यात, सगळ्यांना आतून निळ्या टोप्या पाहिजेत. लेकीने दार लोटून घेतलं. खुंटीवर बिनअस्तराची पिशवी लटकत होती. काकूने तिच्याकडे एकदा पाहिलं, उघड्या शिवणीकडे, आणि ती तशीच राहू देऊन डोळे मिटले.