मगदूम साहेबांना हवं असलेलं उत्तर

इस्लामपूरजवळच्या आमच्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी रुजू झाले, तेव्हा चीफ केमिस्ट मगदूम साहेबांनी मला विचारलेला पहिला प्रश्न उसाच्या रसाबद्दल नव्हताच. "दुसऱ्या ताऱ्यांभवती फिरनाऱ्या ग्रहांवर जीव असंल, असं वाटतं का गं तुला?" नोकरी नवी, म्हणून मी आपलं "हो" म्हणून टाकलं. "कशावरनं?" या पुढच्या प्रश्नाला "कुठंतरी वाचलंय" म्हणाले. साहेब हसले आणि त्यांनी मला रसाचे नमुने आणायला पाठवलं. आज साहेब पंचाहत्तरी पूर्ण करीत आहेत आणि त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना अजून मिळालेलं नाही. आयुष्यात एवढं एकच कळून घ्यायचं राहिलंय, असं ते स्वतःच सांगतात.

एवढी ओढ असलेला माणूस उत्तराची घाई का करीत नाही, हे मला माझ्याच एका चुकीतून कळलं. ऊस पिळणाऱ्या मिलमधल्या रसात जंतू वाढले की साखर वाया जाते. दुसऱ्याच हंगामात मला नमुन्यांत भरपूर जंतू आढळले आणि मी तावातावानं लिहून दिलं की मिल नीट धुतली जात नाही. ते काम तानाजींकडं होतं. त्यांना कामावरून काढायचं घाटत होतं. "आवं बाई, वाफ मारूनच धुतलीया मी," असं ते काकुळतीनं सांगत होते, पण माझं नाक तेव्हा फार वर होतं. साहेबांनी काय केलं, तर आमच्या नमुन्याच्या रिकाम्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी घातलं आणि तेच तपासलं. जंतू बाटलीतलेच निघाले. बाटल्यांच्या स्वच्छतेची देखरेख माझ्याकडं होती. साहेब मला घेऊन मिलवर गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक लॅबची हाय, तानाजीराव. माफ करा." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन तानाजींची माफी मागितली.

निवृत्तीनंतर साहेब फलटणपासून माधवनगरपर्यंत शाळांतून, मंडळांतून या दूरच्या ग्रहांबद्दल बोलत हिंडतात. मानधन घेत नाहीत, चहाला नाही म्हणत नाहीत. एका गावात एका निवृत्त सुभेदारांनी उठून विचारलं, "लय ग्वाड सांगितलंसा. पन तितं कोन हाय का न्हाई, तेवढं सांगा." साहेब म्हणाले, "मला म्हाईत न्हाई." आयोजकांचा चेहराच उतरला. मग साहेबांनी समजावलं, की ग्रहाच्या हवेत एखादा वायू दिसला म्हणजे लगेच जीव सापडला असं होत नाही. तो वायू नुसत्या दगडांतून, उन्हामुळंही तयार होऊ शकतो. "व्हय, हे पटलं," सुभेदार म्हणाले आणि साहेबांना एसटीपर्यंत सोडायला आले.

माझे यजमान फौजेत. माझ्या बाळंतपणात ते सीमेवर होते, तेव्हा साहेब आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, रोज डबा घेऊन दवाखान्यात यायचे. तेव्हापासून ते मला घरच्यासारखे. म्हणून मध्यंतरी अशाच एका ग्रहावर जीवाची खूण दिसल्याची बातमी आली, तेव्हा मी पेढे घेऊन आधी त्यांच्याकडं धावले. साहेबांनी बातमी दोनदा वाचली. ती खरी असावी असं त्यांना किती वाटत होतं, हे मला दिसत होतं. "यंत्राची गफलत न्हाई, हे दुसऱ्या कुनी तपासलंय का?" बातमीत तसं काही लिहिलेलं नव्हतं. "मग थांबूया," ते म्हणाले. काकूंनी पेढ्यांचा पुडा झाकून ठेवला.

गेल्या वर्षी सांगलीला त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. आत नेण्यापूर्वी मी शेजारी उभी होते. न राहवून बोलून गेले, "साहेब, उत्तर नाहीच मिळालं तर?" असं विचारायची ती वेळ नव्हती, पण माझी जीभ अशीच आहे. ते शांतपणे म्हणाले, "न्हाई मिळालं तर चालंल गं. खोटं उत्तर घिऊन जायला नगं."

साहेबांना चालेल, मला चालणार नाही. तिथं जीव असो किंवा नसो, जे काय ठरेल ते मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं आहे, त्यांनी दहादा तपासून मग सांगितलेलं. त्याला जितकी वर्षं लागतील तितकी साहेबांना धडधाकट प्रकृतीनं लाभोत, आणि जगानं खुशाल सावकाश शोधावं.