पुढची पानं

सासऱ्यांनी आज तंबाखूची पुडी सोडली आणि त्या उग्र वासानं लग्नानंतरची निपाणीतली एक दुपार जशीच्या तशी समोर आली. मी वाचत असलेल्या कादंबरीची शेवटची पानं टराटरा फाडून मामा, म्हणजे माझे सासरे, त्यांत तंबाखू बांधत होते.

“लई वाचतीस गं. कामं न्हाईत व्हय घरात?”

परमुलखातल्या जंगलात एकटा पडलेला कादंबरीतला गोरा साहेब, बघणारं कुणी नसताना नीतीनं वागतो का, एवढंच कळायचं राहिलं होतं.

आता मामांना दिसत नाही. मी त्याच कादंबरीची नवी प्रत आणून रोज वाचून दाखवते, ते कानात प्राण आणून ऐकतात.

“मग? साहेबानं काय केलं?”

“पुढची पानं न्हाईत, मामा. तंबाखूला गेली.”

नव्या प्रतीतली ती पानं मी त्यांच्यासमोर बसूनच मनातल्या मनात वाचली. बघणारं कुणी नव्हतं.