चार जीबीत न मावलेला बाप

भावेश घाबरट आहे हे मुरबाडच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते पसरवण्यात माझा हात मोठा आहे. माझं झेरॉक्सचं दुकान, त्याला लागून त्याचा लग्नाच्या व्हिडिओचा गाळा, मध्ये प्लायवूडची भिंत. त्याचा प्रत्येक सुस्कारा मला ऐकू येतो. व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला, म्हणजे कॉम्प्युटर शेवटची फाइल बनवायला लागला, की हा चहासुद्धा पीत नाही. पडद्यावरच्या टक्क्यांकडे बघत बसतो. नव्व्याण्णववर आला की विचारतो, "ताई, लाइट जाणार नाय ना गो?" जशी काही लाइट मला विचारून जाते. चाळिशीला आलेला माणूस!

या भीतीपोटी तो काहीच पुसत नसे. कॅमेऱ्यातलं मूळ चित्रीकरण दोन-दोन डिस्कांवर ठेवायचा. गेल्या लग्नसराईत डिस्का भरल्या, पुढच्या लग्नाला जागा उरली नाही, तेव्हा डोक्याला हात लावून बसला. मी भिंतीपलीकडून ओरडले, "व्हिडिओ देऊन झालाय ना त्यांना? मग उडव की! भित्री भागूबाई कुठला!"

त्यानं उडवलं. आयुष्यात एकदा धीट झाला, तो माझ्या टोमण्यामुळे.

त्यात टोकावड्याच्या हर्षालीचं लग्न होतं.

महिन्याभरात तिचे वडील, सावळाराम, छातीत कळ येऊन शेतावरच गेले. पंधरा दिवसांनी ती गाळ्यात आली. मी माझ्या दुकानात मशिनचं टोनर बदलत होते, भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"भावेशदादा, आईनं जेवण टाकलंय. बोलते, एकदा त्यांचा आवाज ऐकव. तुमच्या व्हिडिओत समदीकडं गाणीच हायत. आन् पाठवणीला बाबांचं तोंड नुसतं चौकोन-चौकोन दिसतंय. मूळचं द्या ना."

चौकोन का, ते मला भावेशनं मागे सांगितलं होतं. गावाकडच्या जुन्या टीव्हीवर चालेल असा पेनड्राइव्ह बनवला की त्यात चार जीबीहून मोठी फाइल बसत नाही. दोन फाइली केल्या तर गिऱ्हाईक कुरकुर करेल, ही याला धास्ती. म्हणून हळदीपासून पाठवणीपर्यंतचे चार तास यानं एकाच फाइलीत कोंबले होते. उजेडातली, बसलेली माणसं नीट दिसली. कमी उजेडातली, चालती माणसं फुटली. मूळचं चित्रीकरण असतं तर पुन्हा नीट बनवता आलं असतं.

"बघतो," एवढंच तो बोलला. ती गेल्यावर माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसला.

"ताई, मी तिचा बाप पुसला गो."

पुसायला लावणारी मीच. ते हर्षालीला कळेल याची मला, खोटं कशाला बोलू, तिच्या आईच्या उपाशी पोटापेक्षा जास्त भीती वाटली.

पुसलेलं परत आणणारं सॉफ्टवेअर त्यानं दोन दिवस चालवलं. त्या जागेवर तीन लग्नं चढून गेली होती. हाती लागली कुणाची तरी अर्धी वरात. तिसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "मी टोकावड्याला जातोय. तू येशील? एकट्याचं माझं पाय नाय उचलत."

एसटीत तो तळहात पँटला पुसत होता आणि मी मनात सबबी जुळवत होते. ताराबाई, हर्षालीची आई, ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. गाल आत गेलेले. भावेश उभ्या उभ्याच बोलला, "माझ्या हातनं पुसलं गेलं. माझ्याकडं काय नाय राहिलं." माझ्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. मग माझ्याच तोंडून निघून गेलं, "पुसायला मी सांगितलं होतं."

हर्षालीनं माझ्याकडे पाठ फिरवली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"पण," भावेश पुढे म्हणाला, "पंगतीला बाबा माझ्यासंगती बोलत होते. तवा हिरव्या शर्टातला कोण तरी मोबाइलवर काढत होता."

तो प्रज्वल, हर्षालीचा चुलतभाऊ. त्याच्या मोबाइलमध्ये दीड मिनिटाचा तुकडा तसाच पडून होता.

गाळ्यात आणून लावला तर नवीनच संकट. आधी ओठ हलायचे, मग आवाज यायचा. कमी उजेडात मोबाइल कधी सेकंदाला तीस चित्रं घेतो, कधी अठराच. सॉफ्टवेअर मात्र सगळी तीसच्याच हिशोबानं चालवतं, आणि चित्र आवाजाच्या पुढे पळत जातं. "असं नाय दाखवायचं तिला," भावेश म्हणाला. "भ्यायची ती. मीच भ्यालो." त्यानं अख्खा तुकडा आधी एकसारख्या तीस चित्रांवर बांधून घेतला, मग कापायला बसला. गाणं नाही, फाइलीची दाबादाबी नाही. शेवटी मला भिंतीपलीकडून बोलावलं. "तू बघ. माझ्यानं नाय बघवत."

सावळारामांच्या हातातली पळी बादलीच्या काठावर आपटत होती. पळी टेकली आणि त्याच क्षणी ठण्ण ऐकू आलं. मी त्याचा खांदा दाबला.

दुसऱ्या दिवशी टोकावड्यात टीव्हीला लावलं. सावळाराम वरणाची बादली घेऊन उभे. समोर गळ्यात कॅमेरा घातलेला भावेश.

"अरे, समद्यांचं जेवण काढतोस, तू कवा जेवणार? बस, मी वाढतो."

"नको बाबा, नवरीची एन्ट्री चुकंल."

"नाय चुकत रे. घाबरतोस काय येवढा? बस."

चित्रातला भावेश मान हलवून पळाला. सावळाराम हसले, आणि तुकडा संपला.

ताराबाईनं तीनदा लावायला सांगितलं. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "हर्षाली, दोन ताटं घे गो."

एक ताट तिनं भावेशपुढे सरकवलं. "ते बोललेत ना तुला? मग बस."

भावेश बसला. त्यानं पहिला घास घेईपर्यंत ती थांबली, आणि मग तिनं आपल्या भातात हात घातला.