आबांची जोड

टिपऱ्यांच्या फेरात जोडीनेच उभं राहावं लागतं. माणूस कितीही तरबेज असला, तरी समोर टिपरी धरणारा नसेल तर तो फेराबाहेर. यंदा गणपती विसर्जनाच्या दुपारी माझे वडील, आबा, तसे बाहेर उभे दिसले. त्यांचे जोडीदार सखाकाका उन्हाळ्यात वारले. तरी आबा धुतलेलं धोतर नेसून, दोन्ही टिपऱ्या घेऊन देवळापुढे आले होते.

"गुरुजी, बापाला जोड द्या की!" फेरातून कोणीतरी माझ्याकडे बघून ओरडलं. सगळे हसले. आबांनी मात्र आशेने पाहिलं.

"मला टिपरी येत नाही, आबा."

"कशी येईल? मीच शिकू दिली नाही तुला."

खरं होतं. सरावाचा ढोल वाजला की मी उठायचो, आणि ते मला परत पुस्तकापुढे बसवायचे. म्हणून तर घरातला पहिला पदवीधर झालो, शहरात शिक्षक झालो. ते उपकार मी विसरलो नाही. पण नंतर इतक्या सुट्ट्यांत गावी आलो, तरी 'चार ठोके शिकवा' असं मी एकदाही म्हटलं नाही. देणाऱ्यालाही काही हवं असेल, हे घेणाऱ्याच्या फार उशिरा लक्षात येतं.

मी चपला काढल्या आणि त्यांच्या हातातली एक टिपरी घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. पहिलाच ठोका त्यांच्या बोटांवर बसला.

"लागलं?"

"नाही रे. मार."

लहान मुलासमोर धरावी तशी त्यांनी टिपरी सावकाश पुढे केली. फेर एव्हाना नदीकडे निघून गेला होता.