वेतुरियाबाईंचा एकटा ठिपका

तुर्दा शहरातल्या पंप कारखान्यात वेतुरिया मोगा तक्रारींच्या मेजावर बसत. चौतीस वर्षांत खुर्ची दोनदा बदलली, बाई बदलल्या नाहीत. कुठल्या तरी डोंगरी गावात ऐन जुलैत पंप बंद पडला, की तिथला सरपंच फोन करायचा आणि पहिल्या वाक्यापासून ओरडायचा. बाई त्याला पोटभर ओरडू द्यायच्या. तो दमला, की विचारायच्या, "शेवटचं पाणी कधी आलं? आणि त्यानंतर तिथं काय काय झालं?"

पंप खोलायचा तो सगळ्यात शेवटी, हा त्यांचा नियम. बहुतेक वेळा पंपाला काही झालेलंच नसायचं. ओढ्यात सोडलेल्या नळाच्या तोंडाच्या जाळीत पाला अडकलेला असायचा, आणि तो काढल्यावर गावाला पाणी मिळायचं. सरपंच मग ओशाळून म्हणायचा, "बाई, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही ओरडायचं थांबला नव्हता ना!"

कारखान्यातली माणसंही त्यांच्याकडे यायची. कुठल्या पंपाचा स्वभाव कुठल्या कारागिराला कळतो, कुणाच्या बायकोचं ऑपरेशन झालंय, कुणाला या आठवड्यात लांबच्या कामावर पाठवायचं नाही, हे सगळं त्यांना ठाऊक असे. चष्मा कपाळावर सरकवून तोच चष्मा मेजावर शोधायची खोड त्यांना होती. दहा वाजता त्या एका सफरचंदाच्या आठ फोडी करत, आणि त्यातल्या तीनच त्यांच्या वाट्याला येत.

फेब्रुवारीत बुखारेस्टहून नवे संचालक आले, तिबेरिऊ द्रागू. चाळिशीचे, बोलायला गोड, कुणाचं नाव न विसरणारे. दुसऱ्याच आठवड्यात ते बाईंच्या मेजासमोर खुर्ची ओढून बसले.

"बाई, तुमच्याशी आडपडदा ठेवत नाही. हे मेज बंद करायचं घाटतंय. फोन एका दुसऱ्या शहरातल्या कचेरीत जातील."

"तिथल्या लोकांना पंप कळतात?"

"तिथं फोन उचलायला माणसं आहेत."

"उचलता मलाही येतो, साहेब. उचलल्यावर पुढं काय?"

द्रागू हसले. मग म्हणाले, "एक मार्चला क्लुजला आपला वार्षिक मेळावा आहे. तिथं सगळ्यांना छातीवर लावायला बिल्ले देणार आहोत. साधे नाहीत, त्यांना डोळा आहे. कोण कुणासमोर उभं राहिलं, किती वेळ बोललं, ते टिपून घेतात. चार वाजता सगळं पडद्यावर दिसेल. माणसं तुमच्याकडे येतात असं त्यात दिसलं, तर या मेजासाठी मी स्वतः मालकांशी भांडेन. नाही दिसलं, तर माझा इलाज नाही."

बाईंना हे न्यायाचं वाटलं. पेन्शनला चौदा महिने उरले होते. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी वेरोनात संसार करत होती. घरी बसायची त्यांना भीती नव्हती. आपल्यावाचून कुणाचंच अडत नव्हतं असं इतक्या वर्षांनी कळलं तर, एवढीच भीती होती. आणि तसं काही निघेल असं त्यांना वाटत नव्हतं.

मेळाव्याला जाताना गोदामवाला साबीन मात्र बसमध्ये चिडवत होता. "वेतुरिया, आज तुझा बिल्ला तापून फुटणार बघ. विम्याचे कागद आणलेस का?"

"तुझा फुटणार नाही. तू झोपलेला असतोस."

मेळाव्याच्या हॉटेलच्या दाराशी आंदा नावाची चुणचुणीत मुलगी, स्वतःही एक बिल्ला लावून, सगळ्यांना बिल्ले लावत होती. काडेपेटीएवढी पांढरी डबी, तिच्यावर मसुराएवढा काळा डोळा. चिमट्याने ती डाव्या छातीवर, अगदी हृदयावर बसवायची. "घाबरू नका हं मावशी, तुम्ही काय बोलता ते याला ऐकू येत नाही. दोन बिल्ल्यांचे डोळे समोरासमोर आले, की तेवढं टिपतो." बाईंनी तिला तिचं गाव विचारलं, आई काय करते ते विचारलं, सकाळी काही खाल्लंस का ते विचारलं. मागे रांग खोळंबली.

तो एक मार्चचा दिवस. त्या दिवशी पुरुष बायकांना मर्त्सिशोर देतात. लाल आणि पांढऱ्या दोऱ्याचा पीळ, खाली दोन गोंडे, कधी एखादा छोटासा पत्र्याचा पक्षी. ते डाव्या छातीवर लावायचं आणि महिनाभर मिरवायचं. कारखान्यात सगळ्यात जास्त मर्त्सिशोर वेतुरियाबाईंना मिळतात, हे दरवर्षीचं ठरलेलं.

साबीनने पहिलं काढलं आणि टाचणी उघडली. बाई मागे सरकल्या. "थांब रे! ब्लाउज रेशमी आहे, मुलीनं पाठवलाय. भोकं पाडशील."

"मग लावू कुठं, कपाळाला?"

"या डबीला अडकव. चिमटा आहेच की."

साबीनने अडकवलं. त्याच्या मागून ओतकामातले दोघे आले, त्यांनीही तिथेच अडकवलं. मग रंगकामातला, मग तिन्ही ड्रायव्हर. सकाळच्या चहाच्या वेळेपर्यंत डबीच्या जागी गोंड्यांचा एक गुबगुबीत पुंजका लोंबू लागला होता. हिशेबनीस लेओन्तिनाबाईंनी तो पाहून स्वतःचेही मर्त्सिशोर ब्लाउजवरून काढून बिल्ल्यावर लावले. "सोयीचं आहे गं. जणू त्यासाठीच दिलंय." बघता बघता सगळ्याच बायकांनी तसं केलं.

दिवस सुरेख गेला. जेवताना कोबीच्या पानात गुंडाळलेले सरमाले बाईंच्या ताटात निवून गेले, इतकी माणसं येऊन बोलत होती. एका ड्रायव्हरने मुलाच्या घटस्फोटाचं सांगितलं. नव्या इंजिनिअरने हळूच विचारलं, की जुन्या पंपांचे नकाशे कुणापाशी मिळतील. बाई मधूनच पुंजक्याखालच्या डबीला बोट लावून मनात म्हणत होत्या, बघतेस ना गं, बघ.

चार वाजता पडदा उजळला. दोनशे चाळीस ठिपके, प्रत्येकाखाली नाव. जे बोलले त्यांच्यामध्ये रेघ, जास्त बोलले तर जाड रेघ. मधोमध कोळ्याचं दाट जाळं. लोक आपापलं नाव शोधून हसत होते. साबीनचा ठिपका जाळ्याच्या पोटात होता. "बघा, झोपेतसुद्धा बोलतो मी!"

वेतुरियाबाईंनी मधोमध पाहिलं. मग जरा बाजूला. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून ओळीने शोधलं. त्यांचं नाव खाली उजव्या कोपऱ्यात होतं. राखाडी ठिपका, आणि त्याला एकच केसाएवढी रेघ.

सभागृहातला आवाज विझत गेला. एकेकाला तो ठिपका दिसला होता, आणि एकेक जण बाईंकडे बघायचं टाळत होता.

 आधी बाईंच्या मनात आलं, की हे खोटं आहे. पण ते टिकलं नाही. टिकलं ते दुसरंच. यंत्राला कशाला खोटं बोलायचंय? मायेपोटी, मुरवतीपोटी खोटं बोलतात ती माणसं. मग माणसं यायची ती काय म्हणून? मेज वाटेत आहे म्हणून? सफरचंदाच्या फोडीसाठी? सकाळपासून ऐकलेला एकेक शब्द त्यांनी उलटून पाहिला आणि प्रत्येकाच्या मागे त्यांना कीव दिसू लागली. चौतीस वर्षं त्यांनी माणसांना ओळखलं होतं, आणि एका पडद्याने चार मिनिटांत त्यांना स्वतःवरच अविश्वास धरायला लावला. याचाच त्यांना सगळ्यात मोठा धक्का बसला. त्या खुर्चीवर बसल्या.

द्रागू जवळ आले, खाली वाकले. "बाई, मला खरंच वाईट वाटतं. मला वेगळं दिसेल असं वाटलं होतं."

तेवढ्यात मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "अहो, लेओन्तिनाबाई पण एकट्याच! त्या एकट्या असतील तर माझी सासू मुकी आहे."

हशा पिकला. लेओन्तिनाबाई भडकून उभ्या राहिल्या. "तीन तास बडबडतेय मी! घसा बसलाय माझा!"

वेतुरियाबाईंनी मान वर केली. लेओन्तिना गप्प होती असं सांगणारं यंत्र? त्यांनी पडद्याच्या कडेकडेने वाचायला सुरुवात केली. रंगकामातली फ्लोरिका. स्वयंपाकघरातल्या दोघी. कडेला सगळ्या बायकाच होत्या. मधल्या जाळ्यात सगळे पुरुष.

त्यांनी आंदाला हाक मारली. विचारायची रीत रोजचीच होती. "पोरी, माझी ती एक रेघ आहे ना, ती कुणाशी?"

आंदाने हातातल्या पाटीवर, म्हणजे टॅबलेटवर, पाहिलं. "माझ्याशीच आहे, मावशी. सकाळी आठ चाळीस. सहा मिनिटं."

"म्हणजे तेव्हा याला दिसत होतं. त्यानंतर काय झालं?"

"त्यानंतर... काहीच नाही. एकदम बंद."

"यंत्राचं नाही विचारत. माझं काय झालं?"

आंदा त्यांच्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिचा हात तोंडावर गेला. बाईंचा हातही तोवर छातीशी पोहोचला होता. त्यांनी गोंड्यांचा पुंजका मुठीत धरून वर उचलला. खाली तो काळा डोळा लाल-पांढऱ्या धाग्यांनी पार लिंपलेला होता. पुंजका दूर धरून त्या द्रागूंच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. आंदाच्या पाटीवर टिंग असा आवाज झाला.

"लागली," ती पुटपुटली. "रेघ लागली."

सभागृहात एकच गलका उठला. साबीन खुर्चीवर चढला. "मीच! सगळ्यात आधी मीच आंधळं केलं त्याला!" पुरुष हसत होते, बायका बिल्ले उपटून बघत होत्या. ज्या बाईवर जितका जीव, तितका तिचा बिल्ला आंधळा.

द्रागू मात्र हसत नव्हते. त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. वेतुरियाबाईंना वाटलं, चूक कबूल करायची लाज असेल. त्या समजुतीने म्हणाल्या, "असू दे साहेब. जाळी तुंबते. पंप चांगलाच असतो."

"मेज राहील," द्रागू म्हणाले. "आजच मालकांशी बोलतो. पण बाई, गोष्ट एवढीच नाही." त्यांनी ओठ ओले केले. "ओल्ट नदीकाठच्या दुसऱ्या कारखान्याचा मेळावाही एक मार्चलाच असतो. गेल्या वर्षी तिथं मी होतो. हेच बिल्ले होते, असेच डाव्या छातीवर लावायचे. असाच पडदा आला. कडेच्या नऊ जणांना आम्ही कामावरून काढलं."

"सगळ्या बायका?"

"हो."

"आणि तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही?"

"वाटलं, की बायका मेळाव्यात बुजतात. तसं अहवालात लिहिलंसुद्धा."

 त्या लिंपलेल्या डोळ्यापेक्षा हा शिकला-सवरलेला, सुस्वभावी माणूस बाईंना जास्त भयंकर वाटला, आणि त्याच क्षणी त्याची दयाही आली. त्यांनी विचारलं, "नावं आठवतात?"

माणसांची नावं न विसरणारे द्रागू खाली बघत राहिले. यादी आंदाने काढून दिली.

"सोमवारी नऊ वाजता माझ्या मेजाशी या," वेतुरियाबाई म्हणाल्या. "मेज राहणार असेल, तर त्यावरून पहिल्यांदा हे फोन होतील. लावीन मी. बोलायचं तुम्ही."

सोमवारी ते आले. मालकांनी मेजाला एक वर्ष दिलं होतं, पुढचं पुढे बघू म्हणून. बाईंनी ते ऐकून मान हलवली आणि यादीतला पहिला नंबर फिरवला. आवाज दोघांना ऐकू येईल असं बटण दाबलं. झाम्फिरा नावाच्या बाई, वीस वर्षं तिथल्या सुट्या भागांच्या खिडकीवर बसलेल्या.

द्रागूंनी सगळं सांगितलं. अडखळत, पण काही न लपवता. 

"वर्ष झालं," पलीकडून आवाज आला. "वर्षभर मी बाजारात दुपारी जाते. तेव्हा ओळखीचं कुणी नसतं. मला वाटायचं, माणसं माझ्याशी नाइलाजानं बोलतात. बहिणीकडे जाणंही सोडलं मी. म्हटलं, तिलाही कंटाळा येत असणार, फक्त ती सांगत नाही."

 द्रागूंनी मदतीसाठी वेतुरियाबाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवून नाही म्हटलं. हे द्रागूंनीच बोलायचं होतं.

"आमची चूक होती," अखेर ते म्हणाले. "लोक बोलत होते तुमच्याशी. आम्हालाच दिसलं नाही."

"हे खरं सांगताय, की माझी कीव करताय?"

"खरं सांगतोय."

"ते आणखी कोण आहे तिथं? श्वास ऐकू येतोय."

"वेतुरिया मोगा. तुर्दाहून. तुम्ही मला ओळखत नाही."

"तुमचाही असाच ठिपका आला होता?"

"आला होता. चार मिनिटं मी त्याच्यावर विश्वास ठेवला."

"चार मिनिटं," झाम्फिराबाई म्हणाल्या.  मग स्टूल सरकल्याचा आवाज आला. "मी उभी आहे कधीची. बसते जरा. ठेवू नका हं फोन."

वेतुरियाबाईंनी ठेवला नाही. फोनवर हात ठेवून त्या थांबून राहिल्या, आणि दुसऱ्या हाताने उरलेल्या आठ नावांची यादी द्रागूंपुढे सरकवली.